गुलाबी दिसतंय का?

आमच्या थोरल्या साडूंना पूर्ण बसलेलं पाहिल्याचा दावा करणारा माणूस सोलापूर जिल्ह्यात सापडायचा नाही. मी स्वतः सत्तावीस वर्षं प्रयत्न केला, आणि एक दिवस सोडला तर मलाही ते जमलेलं नाही. ते बसतात, नाही असं नाही. पण खुर्चीच्या पुढच्या चार बोटांवर, पाय उभं राहण्याच्या तयारीत, आणि नजर दाराकडे. लग्नाच्या पंगतीत पहिला भात झाला की ते उठतात, कुणाला तरी काहीतरी सांगून येतात आणि मठ्ठ्याच्या वेळी परत येतात. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा अल्बम आमच्या घरी आहे, कारण आक्कांनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, तो आपल्या घरात ठेवायला नकार दिला. त्यातल्या निम्म्या फोटोंत आक्का एकट्याच बसल्या आहेत आणि शेजारी मुंडावळ्यांची एक पुसट रेघ फोटोबाहेर चालली आहे. "कुठं गेला होता हो तेव्हा?" असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "होमाचा धूर किती वर जातो ते बघायला." आक्का तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, "तेव्हाच कळायला हवं होतं."

धूर हे साडूंचं जुनं दुखणं आहे. तुमच्या-आमच्या डोळ्यांना धुराचा त्रास होतो. त्यांना धूर बघून हळहळ वाटते, उतू गेलेलं दूध बघून वाटावी तशी. विटांची भट्टी दिसो, टॉवेलच्या कारखान्याचं धुराडं दिसो, की सात रस्ता चौकात सिग्नलला उभी राहिलेली रिक्षा दिसो, ते "गेला, गेला" असं पुटपुटतात. एकदा आम्ही दोघं एसटीनं पुण्याला निघालो होतो. टेंभुर्णीला गाडी दहा मिनिटं थांबली. मी चहाला उतरलो. परत येऊन बघतो तर आक्कांनी बांधून दिलेल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्या सीटवर उघड्या पडल्या आहेत आणि ज्या प्लास्टिकच्या पिशवीत त्या होत्या, ती घेऊन साडू गाडीच्या मागं उकिडवे झाले आहेत, धुराच्या नळकांड्यापाशी. कंडक्टर कमरेवर हात ठेवून बघत होता. "ओ काका, फुगा फुगिवताय काय? चला की!" साडू शांतपणे म्हणाले, "कार्बन डायऑक्साइड गोळा करतोय." "मग वर या," कंडक्टर म्हणाला, "आत लई हाय." दुसरा कुणी ओशाळला असता. साडू इंदापूर येईपर्यंत गाडीतली माणसं मोजत होते आणि मला सांगत होते, की हा कंडक्टर चुकीच्या खात्यात नोकरीला लागला आहे.

ते इथल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत. पण शिकवणं हा पोटापाण्याचा भाग झाला. खरा उद्योग वरच्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत चाले, आणि तो असा: हवेतला नकोसा कार्बन डायऑक्साइड घ्यायचा, विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात उतरलेलं नकोसं नायट्रेट घ्यायचं, आणि दोघांना एकत्र आणून युरिया करायचा. युरिया जगात होत नाही असं नाही. पण कारखान्यात तो करायला प्रचंड उष्णता, प्रचंड दाब आणि जमिनीतून काढलेला वायू लागतो. साडूंना तो टेबलावर करायचा होता, काचेच्या भांड्यात, साध्या तापमानाला, पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या पट्टीवर थोडीशी वीज सोडून. ते तांबं म्हणजे उत्प्रेरक. उत्प्रेरक म्हणजे काय, हे त्यांनी मला आमच्या सासुरवाडीच्या ओसरीवर समजावून सांगितलं होतं. "आपल्या दोघांची लग्नं जमवणारे ते मध्यस्थ आठवतात ना? तसं. दोघांची गाठ घालून देतो आणि स्वतः आहे तसा राहतो." मी म्हणालो, "ते मध्यस्थ माझ्या लग्नात दोनदा जेवले आणि जाताना शालीसाठी रुसले." साडू क्षणभर विचारात पडले. "हो, असं होतं," ते म्हणाले. "काही उत्प्रेरक पहिल्यासारखे राहत नाहीत. तोच तर प्रश्न आहे."

या उद्योगाचं कौतुक नातेवाइकांत फारसं नव्हतं. सांगोल्याला बायकोच्या मामेभावाची डाळिंबाची बाग आहे. साडू तिथं गेले की आधी बोअरचं पाणी बाटलीत भरून घेत आणि मग पाहुण्यांना राम राम करीत. मेव्हण्यानं एकदा धीर करून विचारलं, "दाजी, युरियाची गोणी दुकानात मिळती की. तुमी कशापायी एवढी हाडं झिजवताय?" साडूंनी त्याला बांधावर उभं करून तासभर सांगितलं, की तू टाकतोस ते सगळंच झाडाला मिळत नाही, उरलेलं मातीतून खाली झिरपतं, तुझ्याच बोअरमध्ये उतरतं, आणि तेच पाणी तुझी पोरं पितात. ते खाली गेलेलं परत वर काढायचं, त्याला धुराची जोड द्यायची आणि पुन्हा झाडाला घालायचं. मेव्हण्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मंजे मी गोणी थेट बोअरमधीच वतू का?" साडू यावर रागावले नाहीत. ते रागावत नाहीतच. त्यासाठी एका जागी थांबावं लागतं.

तांब्याच्या पट्टीचीही कथा आहे. आक्कांच्या रुखवतात त्यांच्या आईनं दिलेलं तांब्याचं घंगाळ होतं. वर्षातून एकदा, दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला ते बाहेर निघे. हा उद्योग सुरू झाला त्या वर्षी आक्कांनी पहाटेच्या अंधारात ते काढलं, त्यात कढत पाणी ओतलं, आणि ते सगळं त्यांच्या पायांवर आलं. तळाला तळहाताएवढा चौकोन नीट मापानं कापलेला होता. दिवाळीच्या पहाटे त्या घरात जे बोलणं झालं, त्यातलं मला सांगण्याजोगं एवढंच: साडू म्हणाले, "बाजारातलं तांबं भेसळीचं असतं. तुझ्या आईनं मात्र आपल्याला फसवलं नसणार, याची मला खात्री होती." यावर चिडावं की भरून यावं हे आक्कांना शेवटपर्यंत कळलं नाही. घंगाळ अजून आहे. त्यात आता आक्का कांदे ठेवतात. हवा खेळती राहते म्हणून.

कार्बन डायऑक्साइडसाठी संस्थेकडे सिलिंडर मागितला होता, त्याचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिला. साडूंनी वाट पाहिली नाही. बाजारात एक म्हातारे चाचा गोळीसोड्याच्या बाटल्या भरतात. त्यांच्या सिलिंडरांतला एक महिन्यातून एकदा साडूंच्या स्कूटरवर बसून महाविद्यालयात येऊ लागला. चाचांची एकच तक्रार होती. "सर, गॅस लेके जाव, ना नै बोलता. पन लोगां पूछते, सर इत्ता सोडा पीते क्या? मैं क्या जवाब देऊं?"

आता नॅपकिनबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती आहे. आमच्याकडे माणसाचा सत्कार केल्याशिवाय त्याला घरी पाठवत नाहीत. परीक्षक म्हणून जा, व्याख्यानाला जा, वास्तुशांतीला जा, नाहीतर नुसतेच चुकून एखाद्या कार्यक्रमाच्या मांडवात शिरा. गळ्यात टॉवेल किंवा नॅपकिन आणि डोक्यावर टोपी घेऊनच बाहेर पडाल. गावात टॉवेलांचे कारखाने आहेत आणि सत्कार करण्याची हौसही आहे. दोन्ही एकमेकांना पोसतात. साडूंच्या घरी असल्या नॅपकिनांचं एक कपाट भरलेलं आहे. पण कोऱ्या नॅपकिनांना हात लावायची त्यांना परवानगी नाही, कारण पुढच्या लग्नांत आहेर म्हणून ते आक्कांना लागतात. साडूंच्या वाट्याला एकच. तो गळ्यात घालून ते प्रयोगशाळेत जात. त्यानं कपाळ पुसत, चष्मा पुसत आणि ऊर्ध्वपातित पाण्यानं काळजीपूर्वक धुतलेली काचेची भांडी आणि तांब्याची पट्टी त्यानंच कोरडी करत. हातमोज्यांचं खोकं वर्षाला एक मिळे. ते त्यांनी जपून ठेवलं होतं. "हाताला जे कळतं ते मोज्याला कळत नाही," असं ते म्हणत. त्यात निवृत्तीच्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी पट्टीवर तांब्याची अगदी बारीक भुकटी चढवायची नवी रीत काढली. ती फॅनच्या वाऱ्यानं उडे, म्हणून फॅन बंद झाला. वरचा मजला, पत्र्याचं छत, सोलापूरचा एप्रिल आणि फॅन बंद. मी एकदा त्या खोलीत दहा मिनिटं उभा राहिलो आणि घरी येऊन दोन तांबे पाणी प्यायलो.

त्या खोलीत त्यांच्या जोडीला एकच माणूस होता: प्रयोगशाळेतले सेवक, मैंदर्गीचे मामा. वय साडूंच्याच बरोबरीचं. मामांची विजेवर अजिबात श्रद्धा नव्हती. सकाळी आठला, ऊन चढायच्या आत, ते साडूंच्या सांगण्यावरून रोज एक कोरा प्रयोग लावत. म्हणजे सगळं तसंच मांडायचं, पण वीज सोडायची नाही. वीज सोडलीच नाही तर युरिया व्हायला नको, आणि नाही झाला की समजायचं आपली भांडी स्वच्छ आहेत. वीज नाही हे माहीत असूनही मामा लाइनमनचे असतात तसे जाड रबरी हातमोजे घालून आणि चिमट्यानं पकडून, भांडी न पुसताच सगळं करत. "अय्यो सर, करंटाचं काय सांगता येत न्हाय." त्यांचा कोरा प्रयोग कायम स्वच्छ पाण्यासारखा निघे. मग दुपारी साडू घामाघूम होऊन खरा प्रयोग करत, नळीत एक द्रावण टाकून ती उकळत्या पाण्यात धरत, आणि युरिया असेल तर तिचा रंग गुलाबी होतो म्हणून वाट बघत. सहा वर्षं तो झाला नव्हता. सातव्या वर्षी, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, नळी गुलाबी झाली. साडू त्या दिवशी वाचनालयात, माझ्या टेबलापाशी, नळी खिशात घालून आले. मी तिथं ग्रंथपाल होतो. "ग्रंथपाल," त्यांनी नळी माझ्या नाकासमोर धरली, "गुलाबी दिसतंय का?" मी शंका काढण्यासाठी प्रसिद्ध आहे, पण नळी गुलाबीच होती. रोज गुलाबी होत राहिली. कधी फिकी, कधी गडद, पण गुलाबी.

हे संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर गेलं. अध्यक्ष स्वतःविषयी बोलताना "मी" म्हणत नाहीत, "संस्था" म्हणतात. "संस्थेला फार आनंद झाला. संस्था आज सकाळी फिरायला गेली होती, तिथंही हाच विषय." साडू मे महिनाअखेर निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या खोलीत स्पर्धापरीक्षांची अभ्यासिका करायचं आधीच ठरलं होतं. अध्यक्षांनी ते एका वाक्यात फिरवलं. खोली साडूंकडेच राहील, हयात असेपर्यंत, आणि दारावर पितळी पाटी लागेल. रविवारी भव्य सत्कार, त्यातच ही घोषणा. साडूंना पाटीशी देणंघेणं नव्हतं. पण खोली! निवृत्तीनंतर कुठं जायचं, या विचारानं त्यांनी दोन वर्षांपासून घरात येरझाऱ्या घालून फरशी गुळगुळीत केली होती. त्या दिवशी ते आक्कांना म्हणाले, "आता मला घरी बसावं लागणार नाही." आक्का म्हणाल्या, "मलाही तुमच्यावर लक्ष ठेवत बसावं लागणार नाही."

मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. गावातली बरीच मानपत्रं माझ्याच हातची आहेत, त्यामुळं मला त्यांच्याबद्दल काडीचा आदर नाही. मानपत्रातला माणूस एकतर हिमालय असतो नाहीतर महासागर. दोन्ही सोलापूरपासून लांब असल्यामुळं कुणी पडताळून बघत नाही. साडूंबद्दल मात्र मला काही खरं लिहावंसं वाटलं, म्हणून बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी मोठा आलेख लावला होता: खाली तारखा, वर रंगाचा गडदपणा. रेघ चार दिवस चढे, पाचव्या दिवशी एकदम खाली येई, पुन्हा चार दिवस चढे. करवतीच्या दात्यांसारखी. मध्येच एक दाता सगळ्यांपेक्षा उंच. साडू त्याच्यासमोर उभ्याउभ्या झुलत होते. "हे चढणं-उतरणं काय आहे ते कळत नाही. विजेचा दाब तपासला, गॅस तपासला. पण हा बघा, हा आमचा विक्रम."

आक्का चहा घेऊन आल्या होत्या. ट्रे हातात तसाच ठेवून त्या आलेखाकडे बघत राहिल्या. "हा उंच कधीचा?"

साडूंनी तारखा सांगितल्या.

"त्या आठवड्यात पाइपलाइन फुटली होती," आक्का म्हणाल्या. "आठव्या दिवशी पाणी आलं."

"असेल. त्याचा काय संबंध?"

आक्कांनी ट्रे माझ्या मांडीवर ठेवला, आत गेल्या आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून आणलं. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, आणि घरोघरच्या बायका त्या तारखांना गोल करून ठेवतात. त्यांनी कॅलेंडर आलेखाखाली धरलं. जिथं जिथं गोल, तिथं तिथं रेघ खाली. एकही चुकला नव्हता.

"हे आपल्या पाण्याचं वेळापत्रक आहे," आक्का म्हणाल्या. "पाणी येतं त्या दिवशी मी तुमचा नॅपकिन धुते."

साडूंचा हात गळ्यातल्या नॅपकिनकडे गेला. त्यांनी तो काढला, समोर धरून पाहिला, आणि मग ते बसले. मागं टेकून, पाय पसरून, खुर्चीभर बसले. सत्तावीस वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि मला अजिबात बरं वाटलं नाही. मग ते स्वतःशीच म्हणाले, "घामात युरिया असतो. पहिल्या वर्षाला शिकवतो मी हे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. कोरा प्रयोग त्या दिवशी मामांनी नाही, साडूंनी केला. वीज सोडली नाही, भांडी नेहमीसारखी धुतली, आणि कालच्याच नॅपकिननं पुसली. नळी उकळत्या पाण्यातून काढून त्यांनी पांढऱ्या कागदासमोर धरली. "ग्रंथपाल, गुलाबी दिसतंय का?" मी "हो" म्हणालो. मग मामांचे रबरी मोजे घालून, चिमट्यानं, पुसल्याशिवाय, पण वीज चालू करून, खरा प्रयोग केला. ती नळी पाण्यासारखी राहिली. सात वर्षं त्या दोन नळ्यांत मावली. मामांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा साडूंकडे. "सर, म्या काय बगितलं न्हाय. हे सायबांनीबी बगितलं न्हाय. रविवार तेवढा होऊन जाऊ द्या की. खोली तर ऱ्हाईल." खरं सांगायचं तर मला मामांचं म्हणणं त्या क्षणी अतिशय शहाणपणाचं वाटलं. साडू नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. "मामा," ते म्हणाले, "सात वर्षांत या खोलीत नीट प्रयोग एकट्या तुम्ही केलात. आता तुम्हीच असं बोलू नका."

ते तिथून उठून थेट अध्यक्षांकडे गेले. मलाही बरोबर ओढलं. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. "सर, पत्रिका वाटून झाल्या. काही दोष राहिला असेल तर संस्था तो नंतर बघेल."

"दोष नाही. घाम आहे."

"तेच ते. तुम्ही रविवारी फक्त उभे राहा. आणि हे बघा, युरिया झाला नसेल, तर खोली कशासाठी ठेवली असं उद्या लोक संस्थेला विचारतील. संस्था काय सांगणार? तेव्हा काय बोलायचं, ते तुम्हीच ठरवा." हे त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं आणि आम्हाला सरबत दिलं. जिना उतरताना साडू म्हणाले, "मानपत्रात शोधाबद्दल जे काही लिहिलंय ते काढा." मी म्हणालो, "मग उरेल काय? नाव आणि पत्ता." ते म्हणाले, "पुरे की."

रविवारी सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर सिंहासनासारख्या खुर्च्या होत्या आणि साडूंच्या खुर्चीचं मखमली पाठ शेवटपर्यंत रिकामीच राहिली, कारण ते तिच्या पुढच्या चार बोटांवर होते. मला त्यामुळं जरा हायसं वाटलं. अध्यक्ष अर्धा तास बोलले. त्यात सोलापूर जगाच्या नकाशावर तीनदा गेलं. मग साडू उठले. ते दोन मिनिटंही बोलले नाहीत. "आम्ही हवेतून आणि बोअरच्या पाण्यातून युरिया केला असं मी सांगितलं होतं. तो झालेला नाही. नळीत जो सापडला तो माझ्या घामातला होता, आणि तो माझ्या नॅपकिनवरून तिथं गेला. ही चूक माझ्या पत्नीनं पाण्याच्या कॅलेंडरवरून शोधून काढली. तिचा मी आभारी आहे. काम अजून व्हायचं आहे." एवढं बोलून ते मागं वळले. शेवटच्या रांगेतून सोडेवाल्या चाचांनी एकट्यानं टाळी वाजवली आणि कुणी साथ देत नाही हे बघून थांबवली. पहिल्या रांगेत आक्का खाली बघून पदराची कड नीट करत होत्या, ती बराच वेळ नीट होईना. त्यांच्या संसारात जाहीर आभाराचा हा पहिलाच प्रसंग होता.

कार्यक्रमपत्रिका छापलेली असल्यामुळं सत्कार झालाच. नावापत्त्याचं मानपत्र मी वाचलं. गावात आजवर वाचल्या गेलेल्या मानपत्रांत ते सगळ्यात छोटं आणि निदान सगळ्यात खरं होतं. अध्यक्षांनी साडूंच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि गळ्यात कोरा, मऊ, लाल काठाचा नॅपकिन घातला. साडूंनी तो दोन बोटांत धरून काढला, चार घड्या केल्या, व्यासपीठावरून खाली उतरले आणि आक्कांच्या हातात दिला. "हा कपाटात. प्रयोगशाळेत नाही." खोलीबद्दल कुणी घोषणा केली नाही. जूनमध्ये तिथं अभ्यासिका सुरू झाली. मामाही निवृत्त होऊन मैंदर्गीला गेले. जाताना त्यांनी आपले रबरी मोजे कागदात गुंडाळून साडूंच्या घरी आणून दिले. "ह्ये तुमाला लागतील, सर. मला आता तिकडं कशाचा शॉक बसतोय?"

आता साडूंची प्रयोगशाळा त्यांच्या मागच्या गॅलरीत आहे, धुण्याच्या दोऱ्यांपलीकडे, पत्र्याच्या एका आडोशाला. घंगाळाच्या तळातला तो चौकोन अजून तोच. ते पहाटेच्या थंडीत काम करतात, तोंडाला फडकं बांधून, मामांचे मोजे घालून, आणि त्या आडोशात नॅपकिनला मज्जाव आहे. आक्का स्वतः दारात राखण करतात. दर गुरुवारी सकाळी मला फोन येतो. मी जातो. ते नळी पांढऱ्या कागदासमोर धरतात, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहतात आणि विचारतात, "गुलाबी दिसतंय का?" मी "नाही" म्हणतो. ते वहीत "नाही" लिहितात, आणि मग आम्ही चहा पितो. मी बसून, ते फिरत.

एकदा मी विचारलं, "मला कशाला बोलावता एवढ्या लांबून? आक्का आहेत की घरात."

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली आणला. "ती आता दर वेळी 'हो' म्हणते. मला बरं वाटावं म्हणून. त्या रविवारपासून असं करायला लागलीय." मग नळी हलवत म्हणाले, "तुमचा मला भरवसा आहे. तुम्हाला माझं कधीच काही पटलेलं नाही."

माझ्या शंकेखोरपणाबद्दल मला आजवर नाना प्रकारची विशेषणं मिळाली आहेत. भरवसा हा शब्द कुणी वापरला नव्हता. गेल्या गुरुवारी त्यांनी नळी धरली तेव्हा मी नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिलो. कागद उजेडाकडे वळवला, चष्मा काढून पुसला, तोही मुद्दाम त्यांच्यापासून चार पावलं लांब जाऊन. आक्का दारात उभ्या होत्या. "काय?" साडूंनी विचारलं. त्यांचे दोन्ही पाय त्या वेळी जमिनीवर स्थिर होते. "नाही," मी म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं. पण ती नळी अगदी पाण्यासारखीच होती का, या शंकेनं घरी आल्यापासून मला चैन नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे असं डॉक्टर मागं म्हणाले होते आणि मी ते मनावर घेतलं नव्हतं. उद्या सकाळी सगळ्यात आधी जाऊन डोळे तपासून घेणार आहे. गुरुवारच्या आत नवा चष्मा हातात यायला हवा.